पार्वताबाईच्या मुठीतली सरकी

"पांढरं झालं रान, जसं लागलं इरजन,
सीतामाय पावनी, तिले दहीभाताचं जेवन..."

मित्रांनो, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, एका टपोऱ्या बोंडात, कापसाच्या दुलईत, अंगाला अंग चिकटवून बसलेल्या विसेक बिया, एवढंच तेव्हा माझं असणं होतं. बाहेर कोणीतरी बाई गात होती. आवाज भरदार होता, पण शेवटच्या शब्दाला किंचित कापला. तो का कापला हे त्या रानात फक्त मला कळलं, कारण तिच्या बोटांची चिमूट माझ्याच बोंडावर होती.

मी एक जुनी सरकीची पुरचुंडी आहे. कापूस रेचून झाला की मागे जी बी उरते ती सरकी. तशा बिया जुन्या लुगड्याच्या मऊ पदरात भरायच्या आणि तोंड शिवून टाकायचं, की झाली माझ्यासारखी पुरचुंडी. मी लिंबाहून मोठी, कवठाहून लहान, बाईमाणसाच्या मुठीत बरोबर मावेल एवढी. आज माझ्या अंगावर नऊ ठिगळं आहेत. मूळ लुगडं हिरवं होतं हे आता सांगूनही कोणाला पटत नाही. पण माझे दिवस होते, मित्रांनो, आणि ते काय दिवस होते म्हणून सांगू.

पातूरच्या वाटेवरचं आमचं गाव. काळी, तुकतुकीत जमीन. त्या सालांत सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊबंदांची लढाई जुंपली, तिथला कापूस अडून पडला आणि साऱ्या जगाला एकदम आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. मग काय विचारता. दिवाळी सरली की वाटेवर गाड्यांची रांग लागे, ती थेट होळीपर्यंत हटत नसे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळांनी कान भरून जात. कोणी म्हणे अमुक पाटलाने चाकांना चांदीची धाव बसवली, कोणी म्हणे बडनेऱ्याकडे लोखंडाची सडक येणार आणि तिच्यावरून आगीची गाडी धावणार. खरं किती, खोटं किती, कोण जाणे. पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटाला तेव्हा सोन्याचा मान होता हे मात्र अगदी खरं. वेचायला माणूस मिळेना. म्हाताऱ्या कोताऱ्याही ओटी बांधून रानात उतरल्या.

आणि सगळ्या वेचणाऱ्यांत पहिला मान पार्वताबाईचा. जानराव नावाच्या शेतकऱ्याची ही बायको. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, जिभेने तिखट, गळ्याने गोड. गावातल्या सीतादहीचा धागा बावीस वर्षं तीच काढत आली होती.

सीतादही म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सुरुवात करण्याआधी बाया दहीभात घेऊन रानात जातात. सीतामायची पूजा करतात. मग त्यांतली मानाची बाई सगळ्यांत उंच पऱ्हाटीपाशी उभी राहते, फुटलेल्या बोंडातला कापूस न तोडता तिथल्या तिथे, नुसत्या चिमटीने वळून त्याचं सूत काढते आणि ते सूत शेजारच्या पऱ्हाटीला नेऊन बांधते. सूत लांब निघालं तर साल बरकतीचं. आणि तुटलं तर? तुटलं तर काय होतं हे कोणी मोठ्याने बोलत नाही.

त्या वर्षी ते बोंड माझं होतं. पार्वताबाईने गाणं म्हणत सूत ओढलं. दोन वितींचं निघालं असेल नसेल, तोच तिचा अंगठा थरथरला. बोटाच्या सांध्यात कोणीतरी सुई टोचावी तशी कळ आली. सूत तुटलं.

बाया मागे ओळीने बसल्या होत्या. तिची पाठ त्यांच्याकडे होती. पार्वताबाईने गाणं सोडलं नाही. थुंकीने टोकं ओली केली, वळून जोडली, सूत शेजारच्या झाडाला बांधलं आणि माझं बोंड हळूच खुडून लुगड्याच्या ओच्यात खोवलं. मागे वळली तेव्हा ती हसत होती. बायांनी एकमेकींना दहीभात भरवला. कोणालाच काही कळलं नाही.

पुढे महिन्याभराने जानरावांच्या तीन गाड्या कापूस भरून अमरावतीच्या बाजाराला निघाल्या. बडनेऱ्याच्या अलीकडे आभाळ फाटलं. ना वेळ पावसाची, ना काळ. कापूस भिजून गोळा झाला, काळा पडला. सोन्यासारखा माल मातीच्या भावाने गेला.

घरात त्याच दसऱ्याला सून नांदायला आली होती. रुख्मिणी तिचं नाव. सतरा वर्षांची, सावळी, कामाला वाघ. जानरावांची थोरली बहीण माणिकबाई शेजारच्याच घरात राहायची. ती ओसरीवर बसली, सुपारी कातरली आणि म्हणाली, "मी काही म्हनत नाई बापा. पन पोरीचा पायगुन पाहा. आली काय अन् आभाळ कोसळलं काय."

झालं. गाव काय, वाटच पाहत असतं. विहिरीवर, पाणवठ्यावर, जात्यापाशी एकच बोलणं. रुख्मिणी खाली मान घालून ऐके. आणि पार्वताबाई? तिने एकदा तोंड उघडलं, मिटलं आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं. सीतामायचं बोंड जाळायचं नसतं, म्हणून माझ्या बिया तिने एका गाडग्यात टाकल्या, वर मूठभर दुसरी सरकी घातली आणि गाडगं उतरंडीच्या तळाला लपवलं. अंधारात बसून मी सगळं ऐकत होते.

त्या थंडीत पार्वताबाईची बोटं धरली. आधी अंगठा, मग मधलं बोट, मग सगळीच. सकाळी उठलं की मूठ वळेना. गाठी सुजून हळकुंडासारख्या झाल्या. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, वात भरला आहे, हात हालवू नका. मग काय, एरंडाची पानं गरम करून बांधली, वरून चिंध्या गुंडाळल्या. रुख्मिणीने तर पणच केला. सासूच्या हाताला कामाचा वाराही लागू द्यायचा नाही. दळण तिने घेतलं, ताक तिने घुसळलं, सासूची वेणीही तिनेच घातली, भाकरीचा तुकडा मोडून ताटात तिनेच ठेवला. तिला वाटे, एवढं केलं तरी कोणी पायगुण काढणार नाही. आणि पार्वताबाई मुकाट्याने सगळं करून घेई, कारण सुनेच्या डोळ्याला डोळा भिडवायची तिची टाप नव्हती.

माया कधी कधी चुकीची वाट धरते, मित्रांनो. तीन महिने ते हात चिंध्यांत राहिले आणि होळीला चिंध्या सोडल्या तेव्हा बोटं वाळल्या शेंगांसारखी वाकलेली होती. सूज उतरली होती, पण पार्वताबाईला पाण्याचा गडवा उचलवेना.

अशात एका सकाळी शकुन आली. शकुन म्हणजे गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. शेजारच्या घरी तान्हं लेकरू होतं, त्याला ती रोज तेल लावायला यायची. त्या दिवशी जाता जाता डोकावली, पार्वताबाईचे हात पाहिले आणि दारातच बसली.

"काय वं पार्वते, हे कोनं केलं?"

"वातानं केलं. अजून कोनं?"

"वातानं सुरुवात केली. बाकीचं तुमी घरच्यायनं केलं." शकुनने तो हात आपल्या मांडीवर घेतला. "बैल उन्हाळाभर खुट्याले बांधून ठेवला तं मिरगाले वखर वढन काय? खुरं धरन त्याचे. तान्ह्या लेकराले मी रोज काहून दुमडतो, उलगडतो? त्याले चालनं शिकवाव लागते म्हून. तुह्या बोटाईलेई आता पयल्यापासून शिकवाव लागन."

"दुखते वं शकुन."

"दुखन. दुखलं की थांबजो. पन बसून राहू नोको." मग ती रुख्मिणीकडे वळली. "पोरी, घरात सरकी हाय काय? बनीची, आपल्या जुन्या वानाची, असली तं लय चांगलं. अन् एखादं जुनं, मऊ लुगडं."

रुख्मिणी आत गेली. सरकीची मोठी कणगी कधीच रिकामी झाली होती, सगळी म्हशीच्या पोटात गेली होती. तिने उतरंड उतरवली. तळाच्या गाडग्यात हात घातला. पार्वताबाई बाहेरून म्हणाली, "थे नोको, थे राहू दे..." पण गाडगं तोवर रुख्मिणीच्या हातात आलं होतं.

असा माझा जन्म झाला. रुख्मिणीने स्वतःच्या माहेरच्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला. ज्या बियांवरून तिच्या कपाळी बोल लागला, त्याच बिया तिने आपल्या पदरात भरल्या आणि बारीक टाक्यांनी तोंड शिवलं. तिला ठाऊक नव्हतं. पार्वताबाईला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. आणि मला बोलता येत नव्हतं.

शकुनने मला कोमट तव्यावर ठेवलं. अंगात ऊब भरली तशी माझ्यातून सरकीचा तेलकट, गोडसर वास सुटला. मग तिने मला पार्वताबाईच्या तळहातावर ठेवलं.

"धर. दाबू नोको, नुसती धर. चिमनीचं पिल्लू हातात घेतो तशी. आता उलीसं, जरासं दाब. पाच म्हनेपर्यंत थांब. आता सोड, सावकाश, बोटं पुरी उघड. असं पाच खेपा. मंग दुसरा हात."

पहिल्या दिवशी मला कळलंसुद्धा नाही की मला कोणी दाबतंय. एवढीशी ताकद. पण मी तिच्या हातात होते, आणि तो हात आतून किती भितो, हे मला पहिल्यापासून कळत होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या बिया एकमेकींवर सरकल्या. करकर असा बारीक आवाज झाला. पार्वताबाईने कान टवकारला. "रुख्मिणी," ती म्हणाली, "बोलली वं हे." त्या दिवशी मला जे वाटलं ते काय सांगू. सगळा कापूस एका रात्रीत फुटावा तसं वाटलं.

मग आमचा रोजचा पाठच ठरला. सकाळी चूल पेटली की आधी मी तव्यावर. मी शेकून झाले की पाच वेळा मूठ, पाच वेळा उघड. मग मनगट, पळीने वरण ढवळावं तसं इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग दोन्ही हात हळूहळू डोक्यामागे, जणू अंबाडाच बांधायचा आहे. मग बाजेवर बसून एक पाय समोर लांब करायचा, गुडघा सरळ, पाच मोजायचे, खाली. मग दुसरा. आणि शेवटी अंगठ्याचा खेळ. अंगठा प्रत्येक बोटाच्या शेंड्याला भेटून यायचा. त्यासाठी शकुनने गाणं जोडलं होतं.

"आंगठेबुवा पाव्हने चार जावांच्या घरी,
एकीनं देल्लं पानी, दुजीनं भाकरी,
तिजीनं देल्लं दही, चवथी राहे दूरी,
धाकटी मोठी लाजरी, तिले भेटा तरी."

धाकटी म्हणजे करंगळी. अंगठा काही तिच्यापर्यंत पोचत नसे. अर्ध्या वाटेवर थांबे, थरथरे आणि परत येई. रुख्मिणी समोर बसून आपल्या अंगठ्याने तसंच करी. सासूला एकटं वाटू नये म्हणून. तिचा अंगठा पोचायचा, पण ती मुद्दाम अलीकडेच थांबवायची. पार्वताबाईच्या ते लक्षात आलं.

"तुहा आंगठा काहून थांबते वं? तुले काय झालं?"

"पाव्हना एकटाच पुढं जात नाई, आत्याबाई. सोबतीची वाट पाह्यते."

पार्वताबाईने मान दुसरीकडे फिरवली. मला मात्र तिने एवढं घट्ट धरलं, एवढं घट्ट, की पाठातलं कुठलंच दाबणं तसं नव्हतं. "रुख्मिणी, मले तुले एक सांगाचं हाय," ती म्हणाली.

"सांगा ना."

पार्वताबाईने मला या हातातून त्या हातात घेतलं. बाहेर कुठल्याशा गाडीची घुंगरं वाजली. "काल वरनात मीठ कमी होतं," पार्वताबाई म्हणाली.

अशी मीठं किती वेळा कमी झाली, मित्रांनो. कधी मीठ, कधी तेल, कधी म्हशीची वेसण. दर दोन-चार दिवसांनी ती गोष्ट तिच्या ओठापर्यंत यायची आणि तिथून माघारी फिरायची, अगदी त्या अंगठ्यासारखी.

वैशाखात बोटं बरीच सुटली. गडवा उचलू लागली, भाकरी स्वतः मोडू लागली. आणि तिथेच घात झाला. घरात थोडा कापूस रेचायचा राहिला होता. रुख्मिणी पाण्याला गेलेली. पार्वताबाईने कोपऱ्यातली रेचायची चरकी ओढली, तिच्या दोन लाटांमध्ये, म्हणजे लाकडी रुळांमध्ये, कापूस घातला आणि मूठ फिरवू लागली. सरकी इकडे, रुई तिकडे. तिला एवढा आनंद झाला की काय सांगू. गाणंच म्हणू लागली. सकाळची दुपार झाली, दुपारची सांज. ढीग संपला तेव्हाच ती उठली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटं टम्म सुजली. हात लावला तर चटका बसावा एवढी गरम. रुख्मिणी रडू लागली आणि पुन्हा चिंध्या फाडायला बसली. जानराव बाहेरून म्हणाले, "बांधू नोको वं पोरी. आधी शकुनले बलाव."

शकुन आली ती कपाळाला हात लावून. "पार्वते, तुले मी लेकरू समजून शिकवलं, अन् तू खरंच लेकरू निंघाली. पहिल्या पावलाले पातूरच्या डोंगरावर चढाले निंघाली."

"मले वाटलं, बरी झाली."

"बरी होऊन राहिली. झाली नाई. ध्यानात ठेव, आज केलेलं उद्या सकाळी ठनकलं, तं समज लय झालं, उद्या त्याच्या अर्धं कर. अन् सांधा तापला असन तं शेक नाई, जोर नाई. त्याले निजू दे. दिवसातून दोनदा नुसतं उघड-मीट, माशीनं पंख हालवावे तसं. सूज गेली की मंग पुन्हा हे पुरचुंडी." जाताना दारातून पुन्हा वळली. "उलीसं-उलीसं, पन रोज. घोकून ठेवा दोघी."

पंधरा दिवस मी तव्यावर चढले नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. पण या वेळी वाट ओळखीची होती.

मृग लागला, पेरणी आली. सगळे रानात. त्या धांदलीत मी कोनाड्यात राहिले आणि मला सगळे विसरले. पार्वताबाईला बरं वाटत होतं ना. बरं वाटलं की माणूस बरं करणाऱ्याला विसरतं, हे मी तेव्हा शिकले. एका उंदराने माझा कोपरा कुरतडला, चार बिया नेल्या. वीस दिवसांनी सकाळी पार्वताबाईची मूठ पुन्हा अडली, तेव्हा तिने मला शोधलं. रुख्मिणीने पहिलं ठिगळ लावलं. त्यानंतर मात्र खंड पडला नाही.

पोळ्याच्या दिवशी एक गोष्ट घडली. बैलांना ओवाळून दोघी ओसरीवर बसल्या होत्या. गाणं चालू होतं. पाणी झालं, भाकरी झाली, दही झालं. आणि अंगठा सावकाश, मुंगीच्या चालीने, तळहात ओलांडून गेला आणि करंगळीच्या शेंड्याला टेकला. रुख्मिणीनेही आपला अंगठा टेकवला. जानराव बैलाच्या शिंगाची सुटलेली बेगड चिकटवता चिकटवता म्हणाले, "भेटली काय धाकटी?" एवढंच.

सगळं चांगलं चाललं होतं. पण बोंडं फुटू लागली आणि माणिकबाई ओसरीवर आली. तिने सुपारी काढली तेव्हाच माझ्या बिया गार झाल्या.

"वहिनी, अवंदा धागा माही सून काढन," ती म्हणाली. "तुह्या हाताचा काय भरवसा. अन् एक सांगून ठेवतो. रुख्मिणीले रानात आनू नोको. दहीभात घरीच करू दे तिले. बाया भेतात. मांगच्या सालचं कोनी इसरलं नाई."

रुख्मिणी आत ताक करत होती. रवीचा आवाज थांबला.

पार्वताबाईने मला ओच्यातून काढलं. एकदा दाबलं, सोडलं. "धागा मीच काढीन," ती म्हणाली.

"अन् पोरगी?"

"सीतादहीले पाहू."

पाहू, म्हणाली. नाही म्हणाली नाही. रवी पुन्हा फिरू लागली, पण सावकाश.

आता शेवटचं सांगायच्या आधी, मित्रांनो, माझं एक मागणं ऐकून घ्या. मी आता म्हातारी झाले. दर सीतादहीला माझ्या पोटातली सरकी बदलतात, नवी भरतात, तरी मूळच्या दोन बिया रुख्मिणीने कधी फेकल्या नाहीत. माझ्यानंतर या गावात माझ्यासारख्या किती पुरचुंड्या शिवल्या गेल्या त्याची गणती नाही. माझ्यात काही जादू नाही. मूठभर बिया आणि फाटका पदर, एवढीच मी. तुमच्या घरात कोणाचे सांधे धरले असतील, कोणाला उठताना भिंत धरावी लागत असेल, तर त्यांचं सगळं काम हिसकावून घेऊन त्यांना बाजेवर बसवू नका. त्यांच्या समोर बसा. त्यांच्यासोबत मूठ मिटा, मूठ उघडा. दुखलं तर थांबू द्या, तापलं तर निजू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारा. जे हलतं ते सुटतं. हे मी हातांबद्दल सांगते आहे. पण मनात धरून ठेवलेली गोष्टही सांध्यासारखीच असते. न हलवता ठेवली की आतल्या आत गाठ होते. हे मला त्या सीतादहीच्या सकाळी कळलं.

त्या सकाळी पार्वताबाईने मला तव्यावर शेकलं, ओच्यात घेतलं आणि म्हणाली, "रुख्मिणी, दहीभाताची टोपली घे. चाल."

"मी? पन माणिकबाईनं..."

"टोपली जड हाय. माह्यानं उचलवत नाई," पार्वताबाई म्हणाली. खोटं बोलली. आठ दिवसांपासून ती भरलेली घागर उचलत होती.

रान नुसतं पांढरं झालं होतं. बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ओळीने बसल्या. रुख्मिणीला पाहून कुजबूज झाली, दोघी-चौघी सरकून बसल्या. माणिकबाईने ओठ दाबले. रुख्मिणी टोपली ठेवून मागे, पार शेवटी, बांधाच्या कडेला उभी राहिली.

पार्वताबाई उंच पऱ्हाटीपाशी गेली. मला डाव्या मुठीत धरून पाच वेळा दाबलं, सोडलं. मग उजव्या मुठीत. पाचव्या वेळी माझ्या बिया एवढ्या करकरल्या की मला वाटलं सगळ्यांना ऐकू गेलं. मग तिने मला ओच्यात खोवलं आणि बोंडाला चिमूट लावली.

"पांढरं झालं रान, जसं लागलं इरजन..."

सूत निघालं. एक वीत. दोन विती. गेल्या साली जिथे तुटलं होतं तिथे अंगठा आला, जरासा थांबला आणि पुढे गेला. चार विती. सहा. वाऱ्याने सूत हललं, उन्हात चमकलं. मागच्या बाया श्वास रोखून पाहत होत्या. कोणी तरी हळूच म्हणालं, "माय वं, केवढं लांब." आता फक्त शेजारच्या झाडाला बांधायचं होतं. झालं असतं. सगळं गोड झालं असतं आणि कोणालाच काही सांगावं लागलं नसतं.

पार्वताबाईने गाणं थांबवलं. सूत तसंच चिमटीत धरून ती वळली. या वेळी तिची पाठ बायांकडे नव्हती, तोंड होतं. ओच्यात मी होते, तिने मोकळा हात माझ्यावर ठेवला.

"रुख्मिणी, इकडं ये. हे टोक तू धर."

"वहिनी," माणिकबाई उठून म्हणाली, "तिले कायले? काही तं इचार कर."

"वर्षभर इचारच केला, माणिकबाई. आता ऐका साऱ्या." तिचा आवाज शेवटच्या शब्दाला कापला नाही. "मांगच्या साली धागा तुटला होता. माह्या हातून. याच रानात, तुमच्या साऱ्यायच्या देखत. मी टोकं वळून जोडली अन् मुकी राह्यली. पानी आलं, गाड्या भिजल्या. पानी धाग्याले इचारून येत नाई अन् सुनेलेई इचारून येत नाई, हे मले ठाव होतं. तरी तुमी या पोरीच्या पायाकडं बोट दाखवून राहिल्या, तवाई मी मुकीच राह्यली. अन् हे पोरगी वर्षभर माह्ये हात उघडून राहिली. हिचा पाय चांगला हाय, बायांनो. खोट माह्या तोंडात होती. ये वं लेकी, धर टोक."

रुख्मिणी बांधावरून पुढे आली, तिने टोक धरलं आणि दोघींनी मिळून ते सूत शेजारच्या पऱ्हाटीला बांधलं.